चौथ्या मजल्याचं छत

आमच्या ऑफिसात कामाची वाटणी सरळ होती. भिंती आणि खिडक्या माझ्याकडे, जमिनी आणि छपरं स्लॅबताईंकडे. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण ते कुणी वापरत नसे. फोनवर त्या स्वतःच म्हणायच्या, "बोला, स्लॅबताई बोलतेय," आणि पलीकडचा इंजिनिअर न हसता पुढचं बोलायला लागायचा.

आमचा धंदा लोकांना समजावून सांगणं जरा कठीण जातं. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन, वारा, थंडी सोडायची, आणि आत बसलेल्या माणसाला कोणत्या तासाला किती उकडेल, किती गारठा लागेल ते काढायचं. वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास, प्रत्येक खोलीचे वेगळे. मग तो आकड्यांचा गठ्ठा आर्किटेक्टला द्यायचा. तो त्यातली दोन पानं वाचतो.

स्लॅबताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. उभट चेहरा, केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. ड्रॉइंगच्या टेबलावर शाईने नकाशे गिरवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि चाळिशीला आल्यावर हे सॉफ्टवेअर शिकल्या. मी नवीन असताना पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून पडद्यावर एक घर दाखवलं होतं. साधं, चार भिंतींचं.

"यात काय चुकलंय?"

मी बराच वेळ बघितलं. "काही नाही."

"छपराचे कोपरे उलट्या क्रमाने दिलेत. त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला जमीन समजतंय. या घराला दोन जमिनी आहेत आणि छप्पर नाहीच. आणि बघ, तरी किती छान दिसतंय."

असं त्यांचं शिकवणं. जमिनीखालच्या मातीचं तापमान सॉफ्टवेअर आपणहून बारा महिने अठरा अंश धरून चालतं. ते तसंच ठेवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. त्यांनी घरामागे दीड फूट खड्डा खणून त्यात थर्मामीटर पुरलं होतं आणि वर्षभर दर रविवारी आकडा लिहून ठेवला होता. शेजारच्या बाईने विचारलं, काय पुरलंय? तर म्हणाल्या, "ताप बघतेय." शेजारीण त्यानंतर महिनाभर अंगणात फिरकली नाही. हे सगळं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, आपण काही गमतीचं बोलतोय याचा पत्ताच नसल्यासारखं.

त्यांच्या घरी एकच माणूस, मोठी बहीण. तिला त्या अक्का म्हणत. वडील कधीच गेलेले, आई गेली तेव्हा ताई सात वर्षांच्या आणि अक्का एकोणीसची. अक्का शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. तिथे तिने चौतीस वर्षं काम केलं, त्यातली पहिली सहा नुसती काजं करण्यात गेली. ताईंचं शिक्षण, त्यांचा ड्रॉइंगचा कोर्स, पहिला चष्मा, सगळं अक्काच्या हातावर झालं. अक्काचं लग्न एकदा ठरता ठरता राहिलं होतं. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही, आणि पुढे ताईंच्या लग्नाचा विषयही तसाच कुठेतरी मागे पडला. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. अक्का भांडखोर होती, मोठ्याने हसायची आणि ताईंच्या कामाची टिंगल करायची. "एवढी शिकलीस आणि काय करतेस, तर उन्हात उकडतं हे शोधून काढतेस!"

सहासष्टाव्या वर्षी अक्काला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही, शब्द यायचे, पण दुसरेच. पाणी हवं असेल तर म्हणायची "बटण". दार लावायला सांगायचं तर "दोरा, दोरा." ताईंनी दोन वर्षं घरी निभावलं. दिवसा एक बाई ठेवली होती. मग एकदा अक्का न्हाणीघरात पडली आणि तिला उचलताना ताईंच्या पाठीत अशी कळ गेली की त्या स्वतःच तिच्या शेजारी तासभर पडून राहिल्या. दोघी ओल्या फरशीवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्या मला म्हणाल्या, "आता जागा बघायला हवी."

जागा त्यांना शोधावी लागली नाही. शहराच्या कडेला वृद्धांसाठी एक निवास होता, चार मजली, नवाच. त्या इमारतीचं मॉडेल तीन वर्षांपूर्वी आम्हीच केलं होतं. खोल्यांमध्ये एसी बसवायचे नव्हते, फक्त पंखे आणि समोरासमोर खिडक्या, त्यामुळे लोकांना उकडणार नाही ना हे आधी तपासून हवं होतं. भिंती माझ्या, स्लॅब ताईंचे. अहवालात एक तक्ता होता, कोणत्या मजल्यावर वर्षातले किती तास सहन होणार नाही इतकं उकडेल याचा. चौथ्या मजल्याचे तास सगळ्यांत कमी होते.

ताईंनी चौथा मजला मागितला.

तिथल्या मॅनेजरबाईंना नवल वाटलं. "वर कुणी जायला बघत नाही हो. सगळ्यांना खालचे मजले हवे असतात."

"त्यांना माहीत नाही," ताई म्हणाल्या.

खोली दोन खाटांची होती. दुसऱ्या खाटेवर एक सत्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या, आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या. सगळे त्यांना पोस्टाच्या बाई म्हणत. बारीक, ताठ, कानाशी रेडिओ. त्यांना मूलबाळ नव्हतं, एक भाचा होता तो कधीमधी यायचा. अक्काचं उलटसुलट बोलणं पोस्टाच्या बाईंना पहिल्या पंधरवड्यातच कळायला लागलं. चुकीच्या पत्त्याची पत्रं लावण्यातच आपला जन्म गेला, असं त्या म्हणायच्या.

ताई दर रविवारी सकाळी नऊला जायच्या आणि अकराच्या बसने परतायच्या. उन्हाळा लागला तशी एका रविवारी पोस्टाच्या बाई त्यांना म्हणाल्या, "फार उकडतं हो इथे. दुपारनंतर तर बसवत नाही."

ताईंच्या पिशवीत अहवाल होता. त्यांनी तो काढला, तक्ता दाखवला आणि नीट समजावून सांगितलं की चौथ्या मजल्यावर वारा जास्त येतो, पहिल्या मजल्यापेक्षा इथे कमी उकडतं. पोस्टाच्या बाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला. "असेल बाई," म्हणाल्या, आणि कागद परत दिला.

हे मला ताईंनीच सांगितलं, पुढे, सगळं झाल्यावर. सांगताना आवाज नेहमीचाच होता, आज बस उशिरा आली हे सांगताना असायचा तसा.

त्याच सुमारास अक्काने एक नवा शब्द धरला. इस्त्री. ताई भेटायला गेल्या की ती डावा हात वर करून म्हणायची, "इस्त्री. इस्त्री." ताईंना वाटलं, तिला चुरगळलेले कपडे आवडत नाहीत. जन्मभर कपड्यांत घालवलेली बाई, साहजिकच होतं. मग शनिवारी संध्याकाळी त्या अक्काचे सगळे गाऊन, उशांचे अभ्रे, रुमालसुद्धा कडक इस्त्री करून ठेवायच्या आणि रविवारी घेऊन जायच्या. अक्का ते बघून चिडायची, गठ्ठा ढकलून द्यायची. ताई पुढच्या वेळी आणखी नीट घडी घालून न्यायच्या. हे पाच रविवार चाललं.

सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी, ताईंना त्या भागात एका साइटवर जायचं होतं. तिथली मीटिंग ऐन वेळी रद्द झाली म्हणून त्या निवासात गेल्या. संध्याकाळचे पाच वाजले होते. दार उघडल्यावर आतली तापलेली हवा तोंडावर आली, खिडक्या बंद असतील असं त्यांना वाटलं. खिडक्या उघड्या होत्या. पंखा पूर्ण वेगात फिरत होता. पोस्टाच्या बाई ओला टॉवेल मानेवर टाकून बसल्या होत्या. अक्काचा गाऊन पाठीला चिकटला होता. पडद्याची दांडी एका बाजूने सुटून लोंबत होती आणि ऊन सरळ खाटेवर येत होतं.

ताईंनी टेबल ओढलं आणि दांडी बसवायला वर चढल्या. तोल जायला लागला म्हणून त्यांनी वर हात टेकला. पंजा छताला लागला.

त्यांनी हात लगेच काढला नाही. मला म्हणाल्या, "चटका बसेल इतकं नव्हतं. तापलेल्या माणसाच्या कपाळाहून जास्त, एवढंच. मी हात तिथेच ठेवला. आणि मला लगेच कळलं. कुठे, कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या दिवशी, सगळं."

खाली अक्का हात वर करून म्हणत होती, "इस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तेव्हा त्या आधीच बसलेल्या होत्या. पडद्यावर निवासाची जुनी फाइल उघडी होती. मी पर्स ठेवत विचारलं, "हे कशाला काढलंत?"

"बस," त्या म्हणाल्या.

काय झालं होतं ते सांगते. इमारत मुळात पाच मजली होणार होती. चौथ्या आणि पाचव्या मजल्यावर सारख्याच खोल्या, सारखंच तापमान. अशा दोन मजल्यांमधल्या स्लॅबमधून उष्णता जवळजवळ जात नाही. म्हणून हिशेब लवकर व्हावा यासाठी ताईंनी त्या स्लॅबला 'यातून उष्णता जात नाही' अशी खूण करून ठेवली होती. आम्ही त्याला बंद स्लॅब म्हणायचो. त्यात काही गैर नाही, सगळेच करतात. मग मालकांनी पाचवा मजला काढून टाकला. सुधारलेला नकाशा गुरुवारी आला, अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. ताईंनी पाचवा मजला पुसला, क्षेत्रफळं बदलली, माणसं कमी केली, दिवे कमी केले. बंद स्लॅबची खूण काढायची राहिली.

म्हणजे आमच्या मॉडेलमध्ये चौथ्या मजल्याच्या छतावर ऊन पडतच नव्हतं. वर आकाश होतं आणि कॉम्प्युटर समजत होता की वर कुणीतरी राहतंय. सॉफ्टवेअरने ब्र काढला नाही. बंद स्लॅब ही त्याच्या लेखी चूक नसते.

आणि पुढची गोष्ट अशी की आर्किटेक्टने विचारलं होतं, छतावर उष्णता अडवणारा थर टाकला तर किती फरक पडेल? ताईंनी दोन्ही प्रकारे हिशेब करून बघितला. दोन्ही उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली. येणारच. म्हणून अहवालात वाक्य होतं, "छतावर थर दिल्याने फरक पडत नाही." थर वगळण्यात आला.

त्यांनी माझ्यासमोर ती खूण बदलली. हिशेबाला चौदा मिनिटं लागली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. आधी चौथ्या मजल्याचे उकाड्याचे तास दोनशे बारा होते. आता एक हजार सहाशे चाळीस आले.

"कुठल्याही गवंड्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, वरचा मजला तापतो," ताई म्हणाल्या. "मी तक्ता बघून वरचा मजला मागितला."

मी फाइलच्या शेवटच्या पानावर गेले. तिथे तपासणीचा कागद होता. अकरा प्रश्न आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. सातवा प्रश्न होता, सगळ्यांत वरचं छत बाहेरच्या हवेला उघडं दाखवलंय का? त्यापुढे खूण होती आणि खाली तपासणाराची सही. सही माझी होती. मला तो शुक्रवार आठवतसुद्धा नव्हता.

ताई दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, माणूस वाईट नव्हता. काचेचं दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, इमारत ताब्यात देऊन दोन वर्षं झाली."

"हो."

"तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"तुमची म्हणजे?"

"माझी बहीण चौथ्या मजल्यावर राहते."

साहेबांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले. मग म्हणाले, "हे बघा, घाई करू नका. आपण वकिलांना विचारू, मग काय ते पत्र लिहू. एकदम अंगावर घ्यायचं नसतं." आणि नंतर, "तपासणी कुणी केली होती?"

मी उठून आत जायला हवं होतं. मी खुर्चीतच बसून राहिले आणि एका खिडकीची रुंदी दोनदा मोजली.

"मॉडेल माझं आहे," ताई म्हणाल्या. "तपासणी झाली काय, न झाली काय, चूक माझी आहे."

त्याच दुपारी त्यांनी साध्या कोऱ्या कागदावर निवासाला पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. वकिलांची वाट बघितली नाही. पत्रात चार ओळी होत्या. छत तापतं, ते आमच्या चुकीमुळे थराशिवाय बांधलं गेलं, चौथ्या मजल्यावरच्या लोकांना खाली हलवा, आणि खाली सही.

मॅनेजरबाईंना आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा त्या घाबरल्या. चौथ्या मजल्यावर बावीस लोक होते. तळमजल्याचा मोठा हॉल मोकळा करून सगळ्यांच्या खाटा तिथे लावायचं ठरलं, पण हॉलमध्ये रंगकाम चाललं होतं, त्याला आठवडा लागणार होता. आत्ता, या घटकेला, दुसऱ्या मजल्यावर एकच खाट रिकामी होती.

"कुणाला हलवू?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"अक्काला," ताई म्हणाल्या.

नंतर मला म्हणाल्या, "विचार केला असं नाही. प्रश्न आला, उत्तर दिलं."

अक्काचं सामान खाली न्यायला दहा मिनिटं लागली. पोस्टाच्या बाई खाटेवर बसून बघत होत्या. ताईंनी त्यांना सांगितलं की एका आठवड्यात तुम्हालाही खाली आणतील. त्या म्हणाल्या, "जा हो, जा. मला आता खिडकीजवळची जागा मिळेल." आणि अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला. अक्का त्यांना म्हणाली, "काज, काज." म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, पोस्टाच्या बाईंना कळलं असावं, कारण त्या हसल्या.

सहाव्या दिवशी दुपारी पोस्टाच्या बाई झोपल्या त्या उठल्याच नाहीत. चार वाजता चहा द्यायला गेलेल्या बाईने हाक मारली तेव्हा रेडिओ चालू होता.

ताई डॉक्टरांना भेटायला गेल्या. मी सोबत गेले होते. निवासाचे डॉक्टर वयस्कर होते, दमलेले, एका बाजूला काहीतरी लिहीत लिहीत बोलत होते.

"उकाड्याने झालं का?" ताईंनी विचारलं.

"वय सत्याऐंशी. हृदय थकलेलं होतं. औषधं चालूच होती."

"पण उकाड्याने झालं का?"

"तसं सांगता येत नाही."

"खोलीत संध्याकाळी सदतीस अंश होतं. सूर्य मावळल्यावरही चौतीसच्या खाली येत नव्हतं. मी हिशेब केलाय." त्यांनी पिशवीतून कागद काढला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कागदाकडे बघितलं नाही, ताईंकडे बघितलं. "बाई, थंडीतही जाऊ शकल्या असत्या. आणखी पाच वर्षं जगूही शकल्या असत्या. मला खरंच सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही येणार नाही."

ताईंनी कागदाची घडी घातली. बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. मला वाटलं त्या आता रडतील. त्यांनी बसचा नंबर वाचला आणि म्हणाल्या, "ही तुझी नाही, पुढची तुझी."

तरी त्यांनी भाच्याला गाठलंच. तो मावशीचं सामान न्यायला आला होता, एक रेडिओ, दोन पिशव्या. चाळिशीचा, सभ्य माणूस. ताईंनी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फाइल, खूण, छत, रिकामी खाट आणि ती कुणाला दिली ते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशीची तक्रार असायचीच हो कशा ना कशाची," तो म्हणाला. "मला फोनवर म्हणाली होती उकडतं म्हणून. मी म्हटलं, पाणी पी." मग घड्याळ बघितलं. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आता काय त्याचं."

त्याने ताईंना वाटेत कुठे सोडू का विचारलं. त्या नको म्हणाल्या.

ऑफिसात साहेबांनी त्यांना मॉडेलच्या कामावरून काढलं. ओरडले नाहीत. पत्र परस्पर दिल्याचा राग त्यांना होता, चुकीचा कमी. ताईंना नकाशे लावायचं आणि फोन घ्यायचं काम दिलं. सहा महिने त्या ते करत होत्या. फोनवर आता म्हणायच्या, "बोला, ऑफिस." त्या दिवसांत एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मनाचा हिय्या करून त्यांना म्हटलं, "ताई, त्या कागदावर सही माझी होती."

त्या डबा पुसत होत्या. "हो, बघितली होती मी."

"तुम्ही साहेबांना सांगितलं नाहीत."

"त्याने छत गार होणार नव्हतं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेल्या. मला वाटतं त्यांनी मला माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. दोन्हींसाठी जे काही लागतं ते त्या वेळी त्यांच्याजवळ नसावं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, चला, विषय संपला. मला तसं वाटलं नाही.

निवासाच्या मालकांनी आधी आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. सगळे लोक हॉलमध्ये उतरल्यावर त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांत तापमान नोंदणारी छोटी यंत्रं टांगली. महिनाभराच्या नोंदी ताईंच्या दुसऱ्या हिशेबाशी अर्ध्या अंशाच्या आत जुळल्या. साहेबांनी तो कागद नोटीसबोर्डावर लावायला सांगितला, आमचं सॉफ्टवेअर किती अचूक आहे ते गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. दोन दिवसांनी तो त्यांचा त्यांनाच कसातरी वाटला असावा, काढून टाकला. पुढच्या उन्हाळ्याआधी निवासाच्या छतावर फोमचा जाड थर बसवला, वर पांढरा रंग दिला. लोक पुन्हा चौथ्या मजल्यावर गेले. ताईंना मॅनेजरबाईंनी पत्र पाठवलं, अक्काला वर जायचं असेल तर खोली आहे. ताईंनी उत्तर दिलं नाही.

नोकरी त्यांनी स्वतःच सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. महिन्याभराने त्यांना एका बांधकाम तंत्रशाळेत हाताने नकाशे काढायला शिकवायचं काम मिळालं, आठवड्यातून चार दिवस. मी त्यांच्या घरी जात राहिले. त्या चहा करायच्या, आम्ही बसायचो. बोलणं जेमतेम व्हायचं. एकदा मी विचारलं, "ताई, तुम्हाला रात्री झोप लागते ना?" म्हणाल्या, "लागते की. तेच तर. भूकही लागते. सगळं होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हात भाजला की आधी काही कळत नाही ना, तसं असेल असं वाटलं होतं. मागून कळेल. आता दीड वर्ष होत आलं."

अक्का दुसऱ्या मजल्यावर आणखी दीड वर्ष जगली. शेवटी शेवटी तिचे शब्द थोडे जागेवर आले होते. पाण्याला पाणी म्हणायची. ताई रोज संध्याकाळी जायला लागल्या होत्या, रविवारची वाट बघायच्या नाहीत. एकदा मीही गेले होते. अक्काने मला ओळखलं नाही, पण माझ्या बाहीची उसवलेली शिवण तिला लगेच दिसली. तिने दोन बोटांनी ती धरली आणि ताईंकडे बघून डोळे मोठे केले. ताईंनी सुई आणली. अक्का डाव्या हाताने दाखवत राहिली, इथून, असं नाही, आणखी बारीक. ताई मान खाली घालून टाके घालत होत्या आणि दोनदा उसवून पुन्हा घातले. मी हात लांब करून तशीच बसले होते.

थंडीत अक्काला छातीचा त्रास झाला आणि तीन दिवसांत ती गेली. शेवटच्या संध्याकाळी ताई जवळ होत्या. फोन मला त्यांनीच केला, पत्ता आणि वेळ सांगितली, आणि येताना काळा मार्कर घेऊन ये म्हणाल्या, सामानाच्या खोक्यांवर लिहायला. आम्ही सातआठ जण होतो. मॅनेजरबाई आल्या होत्या. साहेबही आले, मागे उभे राहिले आणि तसेच निघून गेले.

सगळं आटोपल्यावर मी ताईंना आमच्या घरी आणलं. नवऱ्याने त्यांच्यासाठी सोफ्यावर अंथरूण घातलं. मी चहा करायला आत गेले आणि बाहेर आले तोवर त्या झोपल्या होत्या, चपलांसकट. मी चपला काढल्या, अंगावर पांघरूण घातलं. दिवस मावळला, आम्ही हळू आवाजात जेवलो, मुलीला टीव्ही लावू दिला नाही. त्या कूस न बदलता झोपल्या होत्या.

सकाळी सातला स्वयंपाकघरात नळाचा आवाज आला म्हणून मी उठले. ताई कप धूत होत्या. चहा त्यांनी स्वतःच करून घेतला होता.

"आज वार कुठला?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार."

"मग मला तास आहे साडेनऊला." त्यांनी हात पुसले आणि पिशवी शोधायला लागल्या. मी म्हटलं, ताई, आज नका जाऊ. त्या म्हणाल्या, पोरांना आज जिना काढायला शिकवायचाय, मागच्या वेळी अर्धाच झाला. पिशवी दारामागे होती. त्यांनी ती खांद्याला लावली, अंथरुणाची घडी सोफ्याच्या हातावर नीट ठेवली आहे ना ते बघितलं, आणि जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून बघत होते. बस आली, त्या चढल्या, बसायला जागा मिळाली.